पारावरच्या बिरादार मॅडम

बिरादार मॅडम भित्र्या होत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यावरून कुणाला त्या धाडसी वाटतील, आणि तसं कुणी म्हटलेलं त्यांना आवडलं नसतं. लातूरच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात त्या भूगोल शिकवायच्या, मी रसायनशास्त्र. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी. आभाळ गडगडायला लागलं की त्या खिडकीजवळची खुर्ची सोडून माझ्या पलीकडं येऊन बसायच्या. घरात कुकर लावला तर गॅस बंद करायला नवऱ्याला हाक. चौक ओलांडताना माझा दंड असा धरायच्या की घरी जाऊन बघावं तर बोटं उमटलेली. अनोळखी नंबरचा फोन आला तर तो वाजायचा थांबेपर्यंत त्याच्याकडं बघत बसायच्या, दाराशी साप आल्यासारखं.

एका माणसाला मात्र त्या भीत नसत. 'ऐकलं का' म्हणत बातमी घेऊन येणाऱ्याला. मग तो शिपाई असो की प्राचार्य. त्यांचा एकच प्रश्न असायचा, "पाहिलं कुणी?"

एकदा प्राचार्य घाम पुसत आले. उद्या तपासणी पथक येणार, सगळ्यांनी रजिस्टरं पूर्ण करा म्हणाले. मॅडमनी चष्मा वर केला.

"सर, पाहिलं कुणी?"

"अहो, सगळे म्हणून राहिलेत."

"सगळ्यांतल्या एकाचं नाव सांगा ना."

प्राचार्य रुमाल खिशात कोंबून निघून गेले. पथक मात्र दुसऱ्या दिवशी खरंच आलं. आम्ही सगळे मॅडमकडं बघून हसलो, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "आलं ना? मग आता पाहिलं." आणि त्यांची रजिस्टरं पूर्ण होती. भित्र्या माणसाची असतातच.

हे त्यांच्यात कुठून आलं ते मला उशिरा कळलं. पेपर तपासत बसलो होतो, दुपारची वेळ. त्यांचं माहेर निलंग्याकडचं. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्या शाळेत शिकत होत्या. त्यांच्या गावात हादरे बसले, पण घर उभं राहिलं. त्यानंतर मात्र रोज कुणी ना कुणी येऊन सांगायचं, आज परत होणार हाय, रेडिओवर सांगितलंय. माणसं अंथरूण घेऊन रानात झोपायची. असंच एका सकाळी त्यांचे वडील घराच्या माळवदावर चढून छताची माती सारखी करत होते. बोळात कुणीतरी ओरडलं, "आला, आला." वडील घाईनं शिडीवरून उतरायला गेले, पाय चुकला आणि खालच्या दगडी पायरीवर डोकं आपटलं.

"जमीन हललीच नव्हती," मॅडम म्हणाल्या. "आमच्या अप्पाला भूकंपानं न्हाई मारलं. भूकंपाच्या बातमीनं मारलं. ओरडला कोण, ते अजून कळलं न्हाई. अव्वा, माझी आई, कैक वर्षं बोळातल्या एकेकाला विचारायची, कोण म्हणालं होतं? जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवायचा."

एवढं बोलून त्यांनी पुढचा पेपर ओढला आणि त्यावर गुण दिले.

आता 'पारा'बद्दल सांगायला हवं. आजच्या मुलांना सांगितलं तर त्यांना ते बैलगाडीच्या काळातलं वाटतं, पण फार जुनी गोष्ट नाही. 'पार' नावाची एक मराठी वेबसाइट होती. कुणीही तिथं बातमी आणून ठेवायची. पेपरातली, दुसऱ्या साइटवरची, नाहीतर आपल्या गावातली. प्रत्येक बातमीशेजारी दोन बाण. खरी, कामाची वाटली तर वरचा बाण दाबायचा. खोटी किंवा फालतू वाटली तर खालचा. लोकांच्या मतानं बातमी पानावर वर चढायची नाहीतर तळाला जायची. खाली वाद चालायचे, कधी दोन-दोन दिवस. खरी नावं कुणी लावत नसे. साइट चालवणाऱ्या पोरानं, तो परदेशात शिकायला होता, काही लोकांना राखणदार नेमलं होतं. शिवीगाळ काढायची, खोट्या बातमीवर शिक्का मारायचा. बिरादार मॅडम त्यांतल्या एक. तिथलं त्यांचं नाव 'मांजराकाठ', आपल्या मांजरा नदीवरून घेतलेलं. सगळे त्यांना पुरुषच समजायचे. त्यांनीही कधी दुरुस्त केलं नाही.

मधल्या सुट्टीत डबा उघडला की डाव्या हातात भाकरी आणि उजव्या हाताचं बोट कॉम्प्युटरवर. स्टाफरूममधली ती बाई, जी झुरळ दिसलं तर टेबलावर पाय घ्यायची, तिथं मंत्र्याच्या माणसालाही लिहायची: 'आपण स्वतः पाहिले का? नसल्यास कोणी पाहिले, त्याचा पत्ता द्यावा.'

मिठाची अफवा उठली तेव्हाचं मला चांगलं आठवतं. मीठ संपणार म्हणून एका संध्याकाळी लातुरात दुकानांपुढं रांगा लागल्या. बायका पाच-पाच, दहा-दहा पुड्या नेऊन राहिल्या. आमच्या गल्लीतल्या दुकानाचं शटर लोकांनी ओढून वाकवलं. मॅडमनी पारावर विचारलं, कुणाच्या गावात मीठ खरंच संपलंय का, डोळ्यांनी पाहिलेल्यानंच लिहावं. थोड्याच वेळात धर्माबादहून एका व्यापाऱ्यानं फोटो टाकला. मिरची आणि किराणाचे ठोक व्यापारी ते, पारावरचं नाव 'लाल मिरची'. फोटोत त्यांच्या गोदामात छताला टेकलेली मिठाची पोती, आणि पोत्यांवर मांडी घातलेला एक धोतरवाला, तोंड फोटोबाहेर राहिलेलं. खाली लिहिलं होतं, 'मीठ पाहिजे त्यानं या. चहा फुकट.' राज्यभरातून लोकांनी वरचा बाण दाबला. बघता बघता ती पहिली बातमी झाली.

मॅडम मला घेऊन त्या रांगेशी गेल्या. स्वतः गर्दीत शिरल्या नाहीत. समोरच्या मेडिकलच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि मला पुढं धाडलं. मी बायकांना फोनवरचा फोटो दाखवला. एक म्हातारी हसली, "अगं, हे बघा, ह्यो तर मिठावर बसलाय," आणि पिशवी झटकून घरी निघाली. तिच्यामागं आणखी चार-पाच. रांग मोडली असं नाही म्हणणार, पण ढिली पडली. पायरीवर बिरादार मॅडम हसत होत्या. अशा हसताना मी त्यांना फार वेळा पाहिलेलं नाही.

पार ओस पडला तो एकदम नाही. आधी गप्पिष्ट माणसं गेली. सगळ्यांच्या हातात फोन आले, घराचा ग्रुप, गल्लीचा ग्रुप, जातीचा, गावाचा. बातमी तिथंच येऊ लागली, आपल्याच मेहुण्यानं पाठवलेली. मेहुण्याला 'पाहिलं कुणी' असं विचारता येत नाही. आणि तिथं खालचा बाण नव्हता. मग निवडणुकीत पक्षांच्या पोरांनी पारावर खोट्या नावांनी ढिगानं खाती उघडली आणि आपापल्या बातम्या वर चढवल्या. मग केसांच्या तेलाच्या जाहिराती, कर्जाच्या जाहिराती. मॅडम रोज सकाळी त्या काढायच्या. "झाडून घेते," म्हणायच्या. चांगली लिहिणारी माणसं एकेक करून बोलेनाशी झाली. निरोप कुणी घेतला नाही. एक परभणीचे वकील होते, एक बाई रेणापूरच्या, पिकांच्या बातम्या टाकणाऱ्या. आज दिसली, उद्या नाही.

मॅडमना याची भीती वाटायला लागली. जाहिरातींची नव्हे, माणसं नाहीशी होण्याची.

"त्या रेणापूरच्या बाई आता लिहीत न्हाईत," एकदा मला म्हणाल्या. "बऱ्या असतील ना?"

"कंटाळल्या असतील."

"कंटाळल्या का मेल्या, कळणार कसं? मला नाव बी ठाऊक न्हाई त्यांचं."

एका सोमवारी पान उघडलंच नाही. पांढरा पडदा आणि इंग्रजीत एक ओळ, की असं काही सापडत नाही. साइट चालवणाऱ्या पोरानं महिनाभर आधी लिहिलं होतं म्हणे, की आता खर्च झेपत नाही. पण मॅडमना वाटलं होतं, कुणीतरी पुढं येईल. तो सगळा दिवस त्या तास संपला की येऊन परत परत पान उघडून बघत होत्या. इतक्या वर्षांचं सगळं लिहिलेलं, भांडलेलं, त्या मिठाच्या फोटोसकट, पुसून गेलं होतं. संध्याकाळी पर्स उचलताना म्हणाल्या, "जाधव मॅडम, आता खोटं हाय म्हणणारं कुणी राहिलं न्हाई. नुसते पुढं ढकलणारे राहिले." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. मला वाटलं, वेबसाइट तर बंद पडली, एवढं काय.

पारावरच्या एकाच माणसाचा नंबर त्यांच्याकडं राहिला, धर्माबादच्या 'लाल मिरची'चा. दोन वर्षांमागं उन्हाळ्यात त्यांचा निरोप आला. हृदयाचं ऑपरेशन झालंय, बाहेर फिरता येत नाही. 'मांजराकाठ, एकदा भेटून जा. तोंड तरी बघू एकमेकांचं.'

मॅडमना जायचं तर होतं आणि एकट्यानं जायची छाती नव्हती. मी सोबत निघाले. लातूरहून नांदेडला रेल्वेनं, आणि नांदेडला ते गाडी पाठवणार होते. त्या आठवड्यात पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा सगळीकडं फिरत होती. रेल्वेत मॅडमनी मला फोन दाखवला. दोन बायका, एक माणूस, पांढरी गाडी, बिस्किटात गुंगीचं औषध देतात, सावध राहा, पुढं पाठवा.

"मॅडम, पाहिलं कुणी?" मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. त्या हसल्या, पण फोन पर्समध्ये ठेवण्याआधी त्यांनी ते परत एकदा वाचलं.

नांदेड स्टेशनबाहेर उभी असलेली गाडी पांढरी निघाली. शिवाय तेलंगण पासिंगची, कारण त्या व्यापाऱ्यांच्या मुलाचा धंदा पलीकडं निजामाबादला. मॅडम दाराशी थबकल्या.

"परत जायचं का?"

"मॅडम, जिल्ह्यातल्या निम्म्या गाड्या पांढऱ्याच असतात."

त्या बसल्या. ड्रायव्हरचं नाव शंकर. मवाळ माणूस, मराठी बोलायचा पण तेलुगू वळणाचं.

नायगावच्या पुढं एका गावाच्या फाट्यावर टायर पंक्चर झालं. शंकरनं लिंबाच्या सावलीला गाडी घेतली आणि जॅक लावला. मी उन्हानं हैराण होऊन आतच बसले, मॅडम बाहेर उतरल्या. तेवढ्यात शेजारच्या शेतातल्या वस्तीवरून, आखाड्यावरून, एक सहा-सात वर्षांची पोरगी आली, टायरकडं बघत उभी राहिली. मॅडम लेकरांशी बोलायला कधी भ्यायच्या नाहीत. त्यांनी तिला बिस्किटाचा पुडा दिला, आणि भूगोलाच्या बाईला सुचणार ते सुचलं.

"सूर्य कुठून उगवतो, सांग बघू."

पोरीनं भलतीकडंच बोट केलं. मॅडमनी तिचे खांदे धरून तिला वळवलं. त्याच वेळी रस्त्यानं एक मोटारसायकल हळू झाली. मागं बसलेल्या पोरानं फोन वर धरला, आणि मोटारसायकल गावाकडं वळली. बिस्किटाचा पुडा माझ्या डोळ्यांपुढं मोठा मोठा होत गेला. मी म्हटलं, "मॅडम, आत या. लवकर आत या."

पोरगी पुडा घेऊन आखाड्याकडं पळाली, आणि मॅडम आत येईपर्यंत गावाच्या बाजूनं धूळ दिसली. आधी मोटारसायकली, मग पळत येणारी माणसं. पहिला दगड काचेवर बसला. कुणीतरी शंकरची कॉलर धरली.

"कुठला रे तू?"

"धर्माबाद, साब. मी धर्माबादचाच."

त्याच्या कानाखाली बसली, मग कुणीतरी टायरचा पाना उचलला. घाबरलेल्या माणसाच्या तोंडात आपलीच बोली येते. शंकर हात आडवे धरून म्हणायला लागला, "वद्दु, वद्दु." नको, नको. एवढंच तो म्हणत होता, पण गर्दीला तेवढं पुरलं. "बघा, ह्यो हितला न्हाई. हीच ती टोळी."

मी दार आतून लावून घेतलं होतं. पलीकडचं दार उघडल्याचा आवाज आला. मी वळून बघते तर बिरादार मॅडम उतरलेल्या.

"पाहिलं कुणी?" त्या ओरडल्या. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, फाटलेला. "आम्ही लेकरू उचललं, पाहिलं कुणी?"

"मोबाइलवर आलंय," चारी बाजूंनी उत्तर आलं. कुणीतरी त्यांना ढकललं, त्या गाडीवर आदळल्या, चष्मा खाली पडून पायांखाली गेला. मला वाटलं, संपलं. आता आपण इथून जात नाही. मी घरच्यांची नावं मनात घ्यायला लागले.

मॅडमना चष्म्याशिवाय दूरचं दिसत नसे. म्हणूनच की काय, त्यांनी गर्दीशी बोलणं सोडलं आणि सगळ्यात जवळच्या माणसाचा हात धरला. हातात दुधाचं कॅन असलेला माणूस.

"दादा, तुमचं नाव काय?"

तो गडबडला. "माझं? किशन."

"किशनदादा, तुमच्या गावातलं कुणाचं लेकरू गेलंय?"

"आमच्या गावातलं... न्हाई. शेजारच्या गावचं म्हणतेत."

"तुम्ही पाहिलं?"

"म्या न्हाई पाहिलं."

"मग मोठ्यानं सांगा. म्या न्हाई पाहिलं, सांगा."

कॅन खाली ठेवून तो एक पाऊल मागं सरला. मॅडमनी दुसऱ्याचा हात धरला. तुझं नाव काय, बाळा? तू पाहिलंस? मग तिसऱ्याचा. बोलताना त्यांच्या दातांवर दात वाजत होते. एकानं हात झिडकारला, शिवी दिली. त्यांनी पुढच्याला धरलं. मागं शंकरला मारणं चालूच होतं. पण पुढची माणसं आपापलं नाव सांगून जराशी सुटी व्हायला लागली, एकमेकांकडं बघायला लागली. मग किशनच म्हणाला, "अरे थांबा जरा. लेकरू कुणाचं गेलंय ते तर सांगा." तेवढ्यात त्या पोरीची आई पोरीला कडेवर घेऊन पळत आली. "माझं लेकरू हितं हाय. काय करून राहिलाव तुम्ही?" आणि तिच्या मागोमाग पोलिसांची जीप.

पोलीस ठाण्यात आम्ही बाकावर बसलो होतो. शंकरला दवाखान्यात नेलं होतं. संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ मुलाच्या खांद्याला धरून आत आले. सदऱ्याच्या उघड्या बटणातून छातीवरची टाक्यांची रेघ दिसत होती.

"मांजराकाठ कोण?"

मॅडम उभ्या राहिल्या. "मी."

म्हाताऱ्यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मला वाटलं, कुणी रिटायर मास्तर असंल."

"काका, आधी शंकरचं सांगा."

"जिता हाय. डोक्याला टाके पडले. एका कानाचं काही खरं न्हाई म्हणतो डॉक्टर." ते मॅडमच्या शेजारी बसले. हवालदारानं चहा दिला. काकांनी मॅडमच्या बशीला खालून आपला हात लावला. मग म्हणाले, "आपला पार असता तर हे झालं नसतं बाई."

"झालं असतं, काका," मॅडम म्हणाल्या. "ही पोरं पारावर कधी आलीच न्हाईत. आपण आपल्यातच बाण दाबत बसलो."

पहिली भेट त्यांची, आणि शेवटची. पुढं वर्षभर काका दर रविवारी मॅडमना फोन करायचे. मग फोन त्यांच्या मुलाचा आला, काका गेल्याचा.

गुन्हा नोंदला गेला. शंकरचा एक कान कायमचा गेला. जबाब घ्यायला पोलीस गावात गेले तर अख्ख्या गावात त्याला मारताना पाहिलेला एक माणूस निघाला नाही. किशनसुद्धा नाही. हे मॅडमनीच मला सांगितलं.

त्यानंतर त्या शिकवत राहिल्या, पण आपल्या मनातल्या मनात कुठंतरी दार लावून. वर्गाबाहेर कुणाशी बोलत नसत. स्टाफरूममध्ये कुणी बातमी घेऊन आलं तर उठून जायच्या. रस्त्यात शाळेतून सुटलेली लेकरं दिसली की पलीकडची बाजू धरायच्या. वर्षभरात त्यांनी संस्थेच्या नांदेडच्या कॉलेजात बदली मागून घेतली, भाऊ तिथं आहे म्हणून. फोन लावला तर उचलायच्या नाहीत. माझाही नंबर आता त्यांना अनोळखी वाटत असावा.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नाहून परतताना मी नांदेडच्या बसस्टँडवर लातूरच्या गाडीत बसले होते. फलाटावर तीनएक वर्षांचं एक पोरगं आईशी चुकामूक होऊन रडत होतं. माणसं थांबली होती, पण लांब, गोल करून. कुणी पुढं होत नव्हतं. एक बाई पुढं झाली, तशी तिच्या नवऱ्यानं पदर ओढून तिला मागं घेतलं. दोघं-तिघं फोन वर धरून उभे होते.

त्या गोलातून बिरादार मॅडम आल्या. केस पांढरे झालेले, पण मी लगेच ओळखलं. लेकरापासून चांगल्या दोन हात अंतरावर त्यांनी पिशवी ठेवली आणि खाली फरशीवर बसल्या. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले, बोटं पसरून, सगळ्यांना दिसतील असे. काहीतरी बोलत होत्या त्याच्याशी. पोरगं हुंदके देत गप्प झालं, मग हात पसरून त्यांच्याकडं निघालं. तशा त्या बसल्या बसल्या मागं सरकल्या. ते आणखी पुढं आलं, त्या आणखी मागं सरकल्या, मान हलवत, हात तसेच उताणे धरून.

मी काच सरकवायला गेले, ती अडकलेली होती. गर्दी सारून एक बाई धावत आली आणि तिनं पोराला उचलून छातीशी घेतलं. गाडी हलली तेव्हा लोक पांगत होते. मॅडम मात्र फरशीवर तशाच बसून होत्या. हात मांडीवरून उचलले नव्हते.